जात्याला दुसरा हात



आपल्या जिल्ह्यात नरसी नामदेव आहे, आणि नामदेवांचं नाव घेतलं की जनाबाई आठवतेच. जनी गंगाखेडची. हिंगोली १ मे १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होती, म्हणून आपण तिला आपल्याच जिल्ह्याची लेक म्हणतो. सुमारे सातशे वर्षांपूर्वी ती नामदेवांच्या घरी राबत होती. तिच्या अभंगांतला विठ्ठल तिच्यासोबत दळायला बसतो, पाणी भरतो, तिची वेणी घालतो. राबणाऱ्या बाईला दुसरा हात हवा असतो, हे जनीनं तेव्हाच सांगून ठेवलं.

आज घराघरांत जातं नाही, पण राबणं आहे. कुणाची सासू लकव्यानं अंथरुणाला खिळली आहे, कुणाचं लेकरू जन्मापासून दिव्यांग आहे. उठवणं, न्हाऊ घालणं, भरवणं, गोळ्या देणं, रात्री चार वेळा जागणं. आणि कुणी विचारलं, "काय करतेस गं?" तर आपण म्हणतो, "काही नाही, घरीच असते."

सरकारी वहीतही तेच लिहिलं होतं. २००१ च्या जनगणनेत घरकाम करणाऱ्या बाईला काम न करणाऱ्यांत, भिकारी आणि कैद्यांच्या रांगेत बसवलं होतं. अपघातात गेलेल्या एका गृहिणीच्या भरपाईचा खटला २०१० साली सर्वोच्च न्यायालयात आला, तेव्हा न्यायालयानं यावर कडक शब्दांत नाराजी नोंदवली.

पुढे २०१९ मध्ये देशभर वेळेची मोजणी झाली. घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. लेकरं, म्हातारी माणसं, आजारी यांची देखभाल करणाऱ्या बाईची आणखी १३४ मिनिटं, पुरुषाची ७६. जानेवारी २०२१ मध्ये न्यायालयानं याच आकड्यांचा आधार घेऊन सांगितलं की गृहिणीच्या कामाला मोल आहे. दुःख इतकंच, की हे मोल बाई गेल्यावर ठरलं.

ती जिवंत असताना काय करायचं? जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांग माणसाला देखभाल भत्ता देण्याचा उल्लेख २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. कोणत्याही लाभासाठी आधी दिव्यांग प्रमाणपत्र लागतं, ते काढून ठेवा. निराधार आणि श्रावणबाळ योजनेची चौकशी तहसीलमध्ये करा. झोप उडाली, रडू येतं, जीव नकोसा झाला, तर १४४१६ वर फोन करा. तो फुकट आहे, रात्रीही चालतो आणि मराठीत बोलता येतं.

पण सगळं सरकारवर सोडून भागत नाही. बचत गटाच्या बैठकीला अशी बाई आली नाही की आपण दंड लावतो. त्याऐवजी ठराव करू या: तिला दंड नाही, बैठक तिच्या ओसरीवर. आठवड्यातून एकदा दोघींनी आळीपाळीनं तिच्या पेशंटजवळ दोन तास बसायचं. तेवढ्यात ती बाजार करील, स्वतःला डॉक्टरला दाखवील, नाहीतर नुसती झोपेल. आणि घरातल्या लेकालाही बापाचं अंग पुसायला शिकवू या. देवाला दळायची लाज वाटली नाही, तर त्याला कसली?

येत्या बैठकीत आधी हेच विचारा: आपल्या गटात कुणाच्या घरी आजारी माणूस आहे, आणि तिच्या जात्याला दुसरा हात कुणाचा?