निळीचें नांव धारण करणारें तेल

ॲनिलीन हें नांव परकें वाटतें. पण त्याचें मूळ संस्कृत ‘नील’ शब्दांत आहे. तो अरबी भाषेंतून पोर्तुगालकडे गेला, तेथें ‘अनिल’ झाला. फ्रिट्शे या रसायनज्ञानें १८४० मध्यें नीळ कॉस्टिक पोटॅशबरोबर तापवून एक तेल काढलें व त्याला हें नांव दिलें. तत्पूर्वीं उन्व्हरडोर्बेन यास निळींतून आणि रुंगे यास दगडी कोळशाच्या डांबरांतून हेंच तेल मिळालें होतें. सर्व नांवें एकाच पदार्थाचीं आहेत, हें हॉफमननें १८४३ मध्यें दाखविलें.

हॉफमनचा अठरा वर्षांचा शिष्य पर्किन १८५६ मध्यें घरच्या प्रयोगशाळेंत कोयनेल बनवूं पाहत होता. ॲनिलीनवर प्रयोग करतांना काळा गाळ हातीं आला. तो मद्यार्कांत विरघळतांच सुंदर जांभळा रंग दिसला. त्यांतून रंगांचा प्रचंड धंदा उभा राहिला. १८९७ मध्यें जर्मनींतून कृत्रिम नीळ बाजारांत आली. पहिली रीत नॅफ्थलीनपासूनची होती. थोड्याच वर्षांत ॲनिलीनपासूनची स्वस्त रीत आली. बिहारांतील निळीचा व्यापार बुडाला. लेकानें बापाचें घर विकावें, तसाच हा प्रकार! आज ॲनिलीनचा मोठा भाग पॉलियुरेथेन फोमसाठीं लागतो.

हें तेल मुळांत रंगहीन. हवेंत तपकिरी होतें. भिजलेल्या कपड्यांतून तें कातडीवाटें अंगांत शिरतें आणि रक्तांतील लोह असें बदलतें कीं, रक्ताला प्राणवायु वाहतां येत नाहीं. ओठ व नखें निळसर पडतात, धाप लागते.

पण खरा घात उशिरां उमगला. फ्रँकफुर्टचे शल्यवैद्य लुडविग रेन यांनीं १८९५ मध्यें सांगितलें कीं, फुक्सिन रंग करणाऱ्या ४५ कामगारांपैकीं तिघांच्या मूत्राशयांत गांठी आढळल्या. दोष ॲनिलीनला लागला. पुढें मुख्य गुन्हेगार त्याचे भाऊबंद, बीटा-नॅफ्थिलॅमाइन व बेंझिडीन, ठरले. ॲनिलीन मात्र सर्वस्वीं सुटलें नाहीं. २०२० मध्यें आंतरराष्ट्रीय कर्करोग-संशोधन संस्थेनें त्याला ‘बहुधा कर्कजनक’ या वर्गांत घातलें. गांठ दिसेपर्यंत वीस-वीस वर्षें लोटत; तोंवर कामगारानें कारखाना सोडलेला असे. बीटा-नॅफ्थिलॅमाइनवर ब्रिटननें कायद्यानें बंदी घातली ती १९६७ मध्यें. रेन यांच्या निवेदनाला तेव्हां ७२ वर्षें झालीं होतीं.