हयातीच्या दाखल्याचा महिना

महाराष्ट्रातल्या निवृत्त सरकारी कर्मचाऱ्यांच्या भेटीगाठींचा ठरलेला महिना म्हणजे नोव्हेंबर. पेन्शन चालू राहायची तर पेन्शनरने दरवर्षी या महिन्यात आपण हयात असल्याची खात्री कोषागाराला पटवून द्यावी लागते. हिशेबाच्या या नियमानेच जुन्या सहकाऱ्यांना वर्षानुवर्षे एकत्र आणले. स्नेहमेळावे आणि सत्कार समारंभ त्यामानाने अलीकडचे आहेत.

पूर्वी ही गाठ दर महिन्याची होती. निवृत्तिवेतन घ्यायला तालुक्याच्या उपकोषागारात किंवा जिल्ह्याच्या ट्रेझरीत जावे लागे. निवृत्तिवेतन आदेशाच्या दोन प्रती असत. एक देणाऱ्या कार्यालयात राही, दुसरी पेन्शनरच्या हाती असे. त्यावर फोटो आणि अंगावरच्या ओळखीच्या खुणा नोंदवलेल्या असत. १८७१च्या पेन्शन कायद्याने हा पैसा सावकाराच्या जप्तीपासून वाचवला होता, त्यामुळे कर्जबाजारी माणसालाही ही रक्कम हक्काने मिळे. महिन्याच्या सुरुवातीला तहसील कचेरीच्या ओसरीवर निवृत्त तलाठी, अव्वल कारकून, शिक्षक आणि शिपाई नंबर लागेपर्यंत एकाच बाकावर बसत.

पुढे निवृत्तिवेतन बँकांमार्फत मिळू लागले. केंद्राच्या निवृत्तांसाठी ही सोय १९७०च्या दशकात सुरू झाली. पैसे खात्यात जमा होऊ लागल्यावर मासिक फेरी हळूहळू सुटली आणि वार्षिक फेरी तेवढी उरली.

या फेरीतही भेट होई, याचे कारण कामाच्या पद्धतीत आहे. राज्याच्या पेन्शनरांच्या बँकनिहाय याद्या कोषागार तयार करते आणि नोव्हेंबरपूर्वी शाखांकडे पाठवते. पेन्शनरने शाखेत जाऊन आपल्या नावासमोर सही करायची, सही येत नसेल तर अंगठा उठवायचा. पुनर्नियुक्ती झाली आहे का, कुटुंबनिवृत्तिवेतन असेल तर पुनर्विवाह झाला आहे का, हेही तिथेच लिहून द्यायचे. सही राहिली तर डिसेंबरपासून पेन्शन थांबते. पगाराचे खाते बहुधा कार्यालयाजवळच्या शाखेत असे आणि अनेकांनी पेन्शनसाठी तेच पुढे चालवले, म्हणून एका यादीत एकाच कचेरीतली बरीच माणसे सापडत. स्वतःचे नाव शोधताना बोट इतरांच्या नावांवरून फिरे. कोणाची सही झाली, कोणाची बाकी आहे, कोणाच्या जागी आता पत्नीचे नाव आले, हे सारे त्या कागदावर दिसे. कार्यालयाच्या माणसांची इतकी खरी खबर दुसऱ्या कोणत्याही कागदाने दिली नसेल. आणि नोकरीभर ज्यांच्या केबिनमध्ये विचारल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे, ते साहेब इथे रांगेत शिपायाच्या मागे उभे राहत.

सहकाऱ्यांच्या या सैल गोतावळ्याला संघटनेचे बळ एका खटल्याने दिले. ३१ मार्च १९७९ पासून निवृत्त होणाऱ्या केंद्रीय कर्मचाऱ्यांना वाढीव सूत्राने पेन्शन मिळू लागली. त्याआधी निवृत्त झालेले वगळले गेले. संरक्षण खात्यातून निवृत्त झालेले डी. एस. नकारा यांनी याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात दाद मागितली. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी निवृत्तांच्या बाजूने निकाल दिला. निवृत्तिवेतन ही सरकारची मेहेरबानी नसून केलेल्या सेवेतून मिळवलेला हक्क आहे, हे त्या निकालाने ठामपणे मांडले. हा दिवस देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळला जातो. महाराष्ट्रात जिल्ह्या-तालुक्यांच्या संघटना त्या दिवशी मेळावा घेतात. वर्षभरात गेलेल्यांना श्रद्धांजली, पंचाहत्तरी गाठलेल्यांचा शाल-श्रीफळाने सत्कार आणि मग थकबाकीची चर्चा असा क्रम बहुतेक ठिकाणी दिसतो. नोव्हेंबरच्या रांगेत कळलेली अडचण डिसेंबरच्या सभेत ठराव होऊन येते.

१० नोव्हेंबर २०१४ रोजी केंद्र सरकारने 'जीवन प्रमाण' ही सेवा सुरू केली. आधारशी जोडलेल्या बोटांच्या ठशांवरून हयातीचा दाखला मिळू लागला. २०२१ पासून मोबाइलवर चेहरा दाखवूनही काम होते. अंथरुणाला खिळलेल्यांची आणि मुलांकडे परदेशी राहणाऱ्यांची, ज्यांना पूर्वी भारतीय दूतावास गाठावा लागे, यामुळे मोठी सुटका झाली. ही सोय हवीच होती. पण ज्याला घरबसल्या दाखला मिळतो त्याला यादी दिसत नाही, आणि बँकेच्या दारात कोणी भेटतही नाही. खबरबात आता कार्यालयाच्या जुन्या माणसांच्या व्हॉट्सॲप गटांवर येते, तीही ज्यांच्याकडे स्मार्टफोन आहे त्यांच्यापुरती.

ही उणीव काही संघटनांनी ओळखली. त्या नोव्हेंबरमध्ये डिजिटल दाखल्याची शिबिरे भरवतात. वयामुळे बोटांचे ठसे झिजलेले असतात, यंत्र ते घेत नाही. मग नुकतेच निवृत्त झालेले सहकारी मोबाइल समोर धरून ज्येष्ठांना कॅमेऱ्याकडे बघून पापणी मिटायला सांगतात. दाखला काही मिनिटांत निघतो, पण त्यासाठी आलेली मंडळी बराच वेळ बोलत बसतात.