हरवलेलं पोर आणि शोधणारं गाव

गेल्या दोन वीकांतांत मिळून लिझ मूर या अमेरिकन लेखिकेची 'द गॉड ऑफ द वुड्स' (२०२४) ही जाडजूड कादंबरी संपवली. शेवट सांगणार नाही, निर्धास्त वाचा.

ऑगस्ट १९७५. न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला ॲडिरॉन्डॅकचं अफाट जंगल आणि त्यात 'कॅम्प इमर्सन' नावाचा मुलामुलींचा उन्हाळी कॅम्प. एका सकाळी केबिनमधला एक बंक रिकामा दिसतो. तिथे झोपणारी तेरा वर्षांची बार्बरा व्हॅन लार गायब. साधीसुधी पोरगी नव्हे, कॅम्प, जमीन, टेकडीवरचा बंगला, सगळं तिच्याच घरच्यांचं. त्यात तिचा आठ वर्षांचा भाऊ बेअर १९६१ साली इथूनच नाहीसा झालेला. तिने तर त्याला पाहिलेलंही नाही. आणि हे कमी म्हणून की काय, तुरुंगातून पळालेला एक खुनी त्याच भागात असल्याची बातमी!

कथा सरळ चालत नाही. पन्नासचं दशक, १९६१, मग १९७५ चे जून-जुलै-ऑगस्ट, अशा उड्या आहेत. चार-पाच सर्व्हरचे लॉग एकत्र करून वाचताना जसं आधी टाइमस्टॅम्प बघावा लागतो, तसं इथे प्रकरणाच्या डोक्यावरची तारीख बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका.

उन्हाळी कॅम्प आणि खून म्हटलं की 'फ्रायडे द थर्टीन्थ' (१९८०) आठवतो. अंधार, तळं, झाडीतला माणूस. मूर बाई हा सगळा मसाला वापरतात, पण भीती दुसरीकडे नेऊन ठेवतात. जंगलात कोण लपलंय यापेक्षा हरवलेल्याला शोधायला कोण जातं, आणि संशय कोणावर येतो, हा त्यांचा खरा प्रश्न आहे. मला विचाराल तर ही रहस्यकथेच्या वेष्टनात त्या जंगलाच्या इतिहासाची गोष्ट आहे. म्हणून थोडा इतिहास.

आपल्याकडचं आठ-दहा दिवसांचं शिबिर डोळ्यांसमोर आणू नका. अमेरिकेत पोरं कित्येक आठवडे कॅम्पला असतात. १८६१ साली कनेक्टिकटमधले शिक्षक फ्रेडरिक गन आपल्या शाळेतल्या मुलांना घेऊन समुद्रकिनारी तंबू ठोकून राहिले, तिथून ही सुरुवात मानतात. पुढे १८८१ मध्ये अर्नेस्ट बाल्च या तरुणाने न्यू हॅम्पशायरमध्ये कॅम्प चोकोरुआ काढला. श्रीमंतांची पोरं उन्हाळाभर हॉटेलात लोळून बिघडतात असं त्याचं म्हणणं. त्याच्याकडे नोकर नाहीत, स्वयंपाक आणि भांडी मुलांनीच करायची. कल्पना झकासच.

पण ॲडिरॉन्डॅकमधला 'साधेपणा' जरा वेगळा होता. १८५८ साली तिथल्या फॉलन्सबी तळ्याकाठी विद्वानांचा एक कॅम्प भरला होता. त्यात कवी लोवेल, शास्त्रज्ञ अगासी आणि स्वावलंबनावर निबंध लिहिणारे साक्षात इमर्सन होते. होड्या मात्र वल्हवल्या स्थानिक वाटाड्यांनी, आणि जेवणही त्यांनीच रांधलं! कादंबरीत कॅम्पला नाव इमर्सनचं आणि व्हॅन लार मंडळींच्या बंगल्याला 'सेल्फ-रिलायन्स', म्हणजे स्वावलंबन. तो उभा राहिला गावकऱ्यांच्या कष्टावर. हा टोमणा मूर बाईंनी उगाच मारलेला नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे धनिकांचे 'ग्रेट कॅम्प' उभे राहिले. नाव कॅम्प, प्रत्यक्षात ओंडक्यांचे राजवाडे. ऑल्बनीचे बँकर रॉबर्ट प्रुइन यांचं सँटनोनी घ्या, सुमारे १३ हजार एकर! १८९२ मध्ये ॲडिरॉन्डॅक पार्क जाहीर झालं, १८९४ मध्ये सरकारी जंगल कायम जंगलच राहील असं कलम राज्यघटनेत घातलं गेलं. जंगल वाचलं हे चांगलंच झालं. पण पिढ्यान्पिढ्या जिथे शिकार केली, लाकूड तोडलं, तिथेच स्थानिक माणूस चोर ठरू लागला. सरकारी जमिनीवर कायदा आडवा, खासगी जमिनीवर कुंपण आणि पहारेकरी. ओरँडो डेक्स्टर नावाच्या श्रीमंत जमीनमालकाने शेजाऱ्यांना कोर्टात खेचायचा सपाटाच लावला होता. सप्टेंबर १९०३ मध्ये त्याच्याच इस्टेटीतल्या रस्त्यावर कोणीतरी त्याला गोळी घातली. खुनी कधीच सापडला नाही. गावाने तोंड उघडलं नाही म्हणा ना.

आता सँटनोनीकडे परत येऊ. जुलै १९७१ मध्ये तेव्हाच्या मालक कुटुंबातला आठ वर्षांचा मुलगा तिथून नाहीसा झाला. शेकडो माणसांनी जंगल पिंजून काढलं, पण काही म्हणजे काही मिळालं नाही. पुढच्याच वर्षी कुटुंबाने ती जागा सोडली आणि ती सरकारकडे गेली. आज तिथे कोणीही चालत जाऊ शकतं. मुलाचा पत्ता लागलेला नाही. बेअरची गोष्ट वाचताना हे माहीत असलं की पान उलटायला जड जातं.

पळालेल्या खुन्यामागेही खरी सावली आहे, रॉबर्ट गॅरो. १९७३ च्या उन्हाळ्यात या जंगलात त्याच्यासाठी बारा दिवस शोध चालला होता. त्याने आणखी दोन मुलींचे मृतदेह कुठे आहेत ते वकिलांना सांगितलं. वकिलांनी ते जाऊन पाहिले आणि अशिलाचं गुपित म्हणून गप्प राहिले. त्यातल्या एका मुलीचा बाप विचारायला आला, तरी गप्पच. १९७४ च्या खटल्यात हे उघड झालं तेव्हा लोक खवळले. कायद्याच्या विद्यार्थ्यांना हे प्रकरण आजही शिकवतात म्हणे, आणि त्यावर नेमकं उत्तर काय द्यायचं, देव जाणे.

कादंबरीत १९६१ ला सगळा गाव बेअरला शोधायला रानात उतरतो. आणि संशय येतो कोणावर? शोधणाऱ्यांपैकीच एकावर, कार्ल स्टॉडर्ड नावाच्या साध्या गाववाल्यावर. तो मरतो, म्हणजे बोलायला कोणी उरत नाही, आणि सगळ्यांची सोय होते. १९७५ मध्ये तपासाला आलेली ज्युडिटा ही तरुण पोलीस अधिकारी कामगार घरातली आहे. बंगल्यातले लोक काय सांगतात याच्याइतकंच, स्वयंपाकघरातले लोक काय सांगत नाहीत याकडे तिचं लक्ष असतं. पुस्तकातलं मला सगळ्यात आवडलेलं पात्र.

खटकलं काय? आई ॲलिसची प्रकरणं मधे लांबतात, तिची गोळ्या-दारूतली गुंगी आपल्यालाही चढते. व्हॅन लार घराण्यातले पुरुष सरसकट दगड आहेत, एखाद्याला तरी बरी बाजू द्यायला हरकत नव्हती. आणि दोन रहस्यांपैकी बेअरचं उकलतं ते पटतं, किंबहुना पोटात गोळा येतो. बार्बराचं मात्र लेखिकेचा जीव त्या पोरीत अडकल्यासारखं, जरा सोयीने सुटतं. माझा तर रात्री अडीचपर्यंत त्याच पोरीत अडकला होता, त्यामुळे फार तक्रार करत नाही.