ठरावापासून नळापर्यंत : नगरपरिषदेचा कारभार

नळाला पाणी किती दिवसांआड सोडावे, आठवडी बाजाराच्या बैठक वसुलीचा ठेका कोणत्या अटींवर द्यावा, कोणत्या प्रभागातील नाली यंदा बांधावी आणि कोणती पुढील वर्षावर टाकावी, हे सारे प्रश्न नगरपरिषदेच्या सर्वसाधारण सभेत निकाली निघतात. वर्तमानपत्रात या सभेची बातमी येते ती बहुधा गोंधळाची. विषयपत्रिकेवरील नित्याचे विषय मात्र दुर्लक्षित राहतात. आणि शहरवासीयांचे दैनंदिन जीवन त्यांच्यावरच अवलंबून असते.

बुलडाणा जिल्ह्यात ११ नगरपरिषदा आहेत : बुलडाणा, चिखली, देऊळगाव राजा, सिंदखेड राजा, लोणार, मेहकर, खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा व जळगाव जामोद. मोताळा आणि संग्रामपूर येथे नगरपंचायती आहेत. कापसाच्या बाजारपेठेमुळे भरभराटीस आलेल्या खामगावात १८६७ मध्येच नगरपालिका स्थापन झाली होती. पुढे वऱ्हाडातील पालिकांना १९२२ चा मध्य प्रांतातील कायदा लागू झाला. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर विदर्भ, मराठवाडा व पश्चिम महाराष्ट्रातील वेगवेगळ्या कायद्यांच्या जागी १९६५ चा महाराष्ट्र नगरपरिषदा अधिनियम आला. १९९३ मध्ये अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने या संस्थांना घटनात्मक स्थान दिले.

अधिनियमाच्या कलम ८१ नुसार दर दोन महिन्यांत एक सर्वसाधारण सभा घेणे बंधनकारक आहे. तिची सूचना पूर्ण सात दिवस आधी, तर विशेष सभेची सूचना तीन दिवस आधी द्यावी लागते. सूचनेसोबत विषयपत्रिका असते आणि प्रत्येक विषयावर संबंधित विभागाची टिपणी असते. 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय केवळ औपचारिक वाटतो. तथापि, निविदा, देयके आणि पुढील न्यायालयीन वाद यांचा आधार हे इतिवृत्तच असते. सभेत एक बोलले गेले आणि इतिवृत्तात दुसरेच लिहिले गेले, ही तक्रार राज्यातील पालिकांमध्ये जुनीच आहे. अध्यक्षांच्या परवानगीने येणाऱ्या आयत्या वेळच्या विषयांवरही सदस्यांनी लक्ष ठेवणे आवश्यक ठरते, कारण त्यांची टिपणी आधी कोणाच्या हाती पडलेली नसते.

ठराव मंजूर झाला म्हणजे काम सुरू झाले, असे होत नाही. अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश या पायऱ्या पार कराव्या लागतात. ठरावाची अंमलबजावणी करण्याची जबाबदारी मुख्याधिकाऱ्यांची असते आणि मुख्याधिकारी राज्य शासनाने नेमलेले असतात. ठराव बेकायदेशीर किंवा लोकहितास बाधक वाटल्यास कलम ३०८ अन्वये जिल्हाधिकारी त्यास स्थगिती देऊ शकतात. सत्तेबाहेर राहिलेल्या गटाला या कलमाचा मोठा आधार वाटतो.

खरी अडचण पैशाची आहे. १९९९ मध्ये नगरपरिषद क्षेत्रातील जकात रद्द झाली आणि पालिकांचे हक्काचे मोठे उत्पन्न गेले. त्याऐवजी मिळणाऱ्या शासकीय सहायक अनुदानातून मुख्यतः आस्थापना खर्च भागतो. मोठी कामे वित्त आयोगाच्या निधीवर किंवा राज्याच्या विशेष योजनांवर अवलंबून असतात. श्री गजानन महाराजांच्या समाधी शताब्दीच्या (२०१०) निमित्ताने शेगावसाठी राज्य शासनाने स्वतंत्र विकास आराखडा हाती घेतला. पालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून ती कामे झाली नसती. लोणार सरोवराचा नोव्हेंबर २०२० मध्ये रामसर यादीत समावेश झाल्यापासून तेथील सांडपाण्याचा प्रश्न एका लहान नगरपरिषदेच्या आवाक्यापलीकडचा बनला आहे.

उरतो तो मालमत्ता कर. त्याची चतुर्वार्षिक फेरआकारणी होते, प्रारूप यादी प्रसिद्ध होते आणि हरकती मागविल्या जातात. हरकतीची मुदत निघून गेल्यावर मोर्चे निघतात. तोवर कायद्याने दिलेली सोपी संधी हुकलेली असते. करवाढीला विरोध करून लोकप्रियता मिळते, परंतु पाणीपुरवठ्याच्या पंपाचे वीजबिल त्याच वसुलीतून भरावे लागते. बुलडाणा शहराला पैनगंगेवरील येळगाव धरणातून, खामगावला ज्ञानगंगा प्रकल्पातून, चिखलीला पेनटाकळीतून, तर देऊळगाव राजाला खडकपूर्णातून पाणी मिळते. धरणात साठा असूनही नळ कोरडे राहतात, तेव्हा कारण बहुधा जीर्ण जलवाहिनीत किंवा रखडलेल्या ठरावात सापडते.

नोव्हेंबर २०१६ मध्ये जिल्ह्यातील बहुतेक नगरपरिषदांची निवडणूक झाली. २०२१ च्या अखेरीस मुदती संपू लागल्या. इतर मागासवर्गीय आरक्षणाचा वाद न्यायालयात असल्याने पुढील निवडणुका मात्र डिसेंबर २०२५ मध्येच होऊ शकल्या. मधल्या सुमारे चार वर्षांत प्रशासकांनी कारभार पाहिला. कर, ठेके, विकासकामे यांचे निर्णय होतच राहिले. फरक इतकाच की प्रस्ताव मांडणारे आणि तो मंजूर करणारे कार्यालय एकच होते. प्रभागातील तक्रार सभागृहात मांडणारा नगरसेवक नव्हता, की इतिवृत्तावर हरकत घेणारा विरोधकही नव्हता. नित्याच्या सभेचे मोल काय, हे तिच्या अनुपस्थितीने दाखवून दिले.

नगराध्यक्षपदाच्या निवडीची पद्धतही सतत बदलत गेली. २०१६ मध्ये जनतेने थेट निवड केली, २०२० मध्ये ती तरतूद रद्द झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा आणली गेली. थेट निवडीत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहातील बहुमत दुसऱ्याचे, अशी स्थिती उद्भवू शकते. तेथे ठराव अडण्याची शक्यता अधिक असते. तसाच तो बारकाईने तपासला जाण्याचीही.

नगरपरिषदेची सभा सामान्यतः नागरिकांसाठी खुली असते. इतिवृत्ताची प्रत माहितीच्या अधिकारात (२००५) मागता येते. प्रेक्षकांच्या खुर्च्या मात्र बहुधा रिकाम्याच असतात. पाणीपट्टी का वाढली, रस्ता का रखडला, याचे उत्तर पालिकेच्या कार्यालयात, ठरावाच्या नोंदवहीत लिहिलेले असते. ते वाचण्याचा हक्क प्रत्येक करदात्याला आहे.