उस्तादाचं नाव, शागिर्दाचा हात

अकोल्याहून रात्रीच्या गाडीनं निघालेला माणूस सकाळी बोरीबंदरला उतरतो आणि लोंढ्याबरोबर बाहेर पडतो. वर पाहायला सवड कुणाला? मीही कित्येक वर्षं पाहिलं नव्हतं. एकदा परतीच्या गाडीला उशीर झाला, म्हणून मान वर गेली. दगडात कोरलेली पानं, मोर, माकडं! हे कुणी कोरलं असेल? उत्तर जवळच होतं, क्रॉफर्ड मार्केटसमोरच्या जे. जे. कलाशाळेत.

सर जमशेटजी जीजीभॉय यांनी १८५३ मध्ये एक लाख रुपये दिले आणि १८५७ मध्ये ही शाळा सुरू झाली. १८६५ मध्ये तिथं जॉन लॉकवुड किप्लिंग शिल्पकला शिकवायला आले. वय अवघं सत्तावीस. इंग्लंडात कुंभारकामाच्या कारखान्यात हात मळलेला, मग इमारतींवरच्या शिल्पकामात मुरलेला. ‘जंगल बुक’वाल्या रुडयार्डचे हे वडील. मुलाच्या नावापुढं बापाची ओळख पुसट झाली, हेही खरं.

श्रोतेहो, १८६५ हे साल आपल्या वऱ्हाडाच्याही ओळखीचं आहे. अमेरिकेतल्या यादवीमुळं विलायतच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा इकडच्या कापसाला सोन्याचं मोल आलं. यादवी संपली तशी मुंबईची पेढीबाजारी कोसळली. पण त्या तेजीत मनात भरलेली मोठमोठी बांधकामं पुढंही चालू राहिली. त्या दगडांत आपल्या काळ्या मातीतल्या बोंडांचाही वाटा आहे, असं मी मानतो.

शिकवणारा स्वतः शिल्पकार असला की वर्गाचं काय होतं, ते किप्लिंग यांच्याकडं पाहून कळतं. नुसत्या ग्रीक पुतळ्यांच्या प्लास्टर-नकलांवर ते थांबले नाहीत. १८६९ मध्ये पुऱ्या झालेल्या क्रॉफर्ड मार्केटच्या, म्हणजे आजच्या महात्मा फुले मंडईच्या, दारावरची उठावशिल्पं त्यांची. आतलं कारंजं विल्यम इमर्सन यांच्या आराखड्याचं, त्यावरचं शिल्पकामही त्यांचं. मुलांना शिकवणारा हातच समोरच्या मंडईवर काम करत होता. वहीतली चूक खोडता येते, भिंतीवरची तशीच राहते. ही जरब पुस्तकातून येत नाही.

१८७५ मध्ये किप्लिंग लाहोरच्या मेयो कलाशाळेत गेले. बोरीबंदरची इमारत त्यांच्यामागून उठली, १८७८ ते १८८८ या काळात. स्टीव्हन्स यांची ती रचना. तिच्यावरचं बरंचसं कोरीवकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांचं. आराखडा करणाऱ्याचं नाव पुस्तकात, देखरेख करणाऱ्या ग्रिफिथ्स यांचंही. मुलं मात्र नुसतीच ‘विद्यार्थी’.

आमच्या गझलेच्या दुनियेत ‘इस्लाह’ची रीत आहे. शागिर्द गझल घेऊन जातो. उस्ताद एखादा शब्द बदलतो, मिसऱ्यातला झोल काढतो. कधी तर अख्खा शेर उस्तादाचाच होऊन बसतो! तरी मक्त्यात तखल्लुस शागिर्दाचंच. दगडाच्या कामात नेमकं उलटं. किप्लिंग यांना मी दोष देत नाही. इमारत काही एकट्याची गझल नव्हे. पण कुणाच्या तरी पोरानं उन्हात बसून त्या मोराचा पिसारा कोरला. घरी जाऊन आईला सांगितलंही असेल.

पुढं १८९६ च्या सुमारास याच शाळेतल्या गणपतराव म्हात्रे नावाच्या तरुणानं प्लास्टरमध्ये एक बाई घडवली. नेसण नऊवारी, पावलं देवळाच्या वाटेवर. ‘मंदिरपथगामिनी’ म्हणून ती गाजली आणि शिष्याचं नाव चारचौघांच्या तोंडी आलं. शाळा सुरू होऊन तोवर चाळीस वर्षं होत आली होती.

त्या दिवशी गाडी लागली तरी मी एका खांबाच्या माथ्यावरचं पान पाहत होतो. शेजारच्या पानापेक्षा ते जरा वाकडं वाटलं. कदाचित माझे डोळेच थकले असतील. हमाल म्हणाला, “चाचा, तुमचा डबा पुढं आहे.”