पायताणाचे दान

कासारवाडीच्या लोहमार्गालगतच्या वस्तीत आम्ही प्रथम सेवेसाठी आलो, त्या वर्षीच्या नाताळात परदेशातील एका उपकारी मंडळाने मुलांसाठी बुटांच्या पेट्या आणल्या. बरोबर दोन तरुण स्वयंसेवकही होते. त्यांनी गुडघे टेकून मुलांच्या पायांत स्वहस्ते बूट चढविले, छायाचित्रे निघाली, आमचेही डोळे पाणावले. जून उजाडला तेव्हा त्यांतील बहुतेक बूट फळीवर नाही तर भंगारवाल्याच्या हातगाडीवर होते. काही लांब होते, काही अरुंद. आणि कापडी बूट पावसाळ्यात वाळत नाही, हे वस्तीतील कोणतीही आई सांगू शकली असती. दोष त्या तरुणांचा नव्हे. मापे कळविणे आमचे काम होते. ते राहिले, आणि त्या रुखरुखीतूनच या दानाचा इतिहास धुंडाळण्याचा छंद आम्हाला जडला.

आपल्याकडे अनवाणी पाय हे केवळ दारिद्र्याचे चिन्ह कधीच नव्हते. या औद्योगिक पट्ट्यात पोटापाण्यासाठी आलेल्या आपल्या कित्येक कुटुंबांचे मूळ अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) आणि मराठवाड्यातील खेड्यांत आहे. तेथील गावगाड्यात अस्पृश्य गणलेल्या माणसाला वरिष्ठांच्या वाड्यासमोरून, चावडीसमोरून जाताना पायताण काढून हातात घ्यावे लागे. ज्यांच्या हातांनी कातडे कमावून आणि शिवून अवघ्या गावाच्या पायांत वहाणा घातल्या, त्यांच्याच मुलांना ती मुभा नव्हती. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात परतलेल्या मुलासाठी बाप झगा व अंगठी यांबरोबर पायांत जोडेही आणवतो. दास अनवाणी असे, मुलगा नसे. आपल्या वाडवडिलांना या तपशिलाचा अर्थ कोणा भाष्यकाराने समजावून सांगावा लागला नसेल.

पायताणाला आरोग्याची बाजू आहे, तीही नाकारता येत नाही. अंकुशकृमी मातीतून उघड्या तळव्यावाटे शरीरात शिरतो आणि माणसाला रक्तहीन करतो. १९०९ साली रॉकफेलर यांच्या दहा लक्ष डॉलरांच्या देणगीतून अमेरिकेच्या दक्षिणेत या कृमीविरुद्ध मोहीम निघाली. औषध देऊन भागत नाही, शौचकूप बांधल्यावाचून माती शुद्ध होत नाही, हा तिचा धडा होता. नुसता बूट हा त्यातला फार तर तिसरा भाग.

परदेशी जाऊन मुलांच्या पायांत बूट घालण्याची अलीकडची लाट २००६ साली सुरू झाली. ब्लेक मायकोस्की हा अमेरिकी तरुण अर्जेंटिनाच्या प्रवासात अनवाणी मुले पाहून हेलावला आणि त्याने ‘टॉम्स’ ही कंपनी काढली. एक जोड विकला की एक जोड गरीब मुलाला, असा तिचा बाणा. स्वयंसेवकांचे जथे गावोगाव जाऊन बूट वाटू लागले. कल्पना साधी होती, म्हणूनच जगभर पसरली. पुढे ब्रूस वायडिक प्रभृती अर्थतज्ज्ञांनी कंपनीच्याच सहकार्याने एल साल्वादोर येथे दीड हजारांहून अधिक मुलांची पाहणी केली. तेथील चांभारांचा धंदा बुडाला, असे काही आढळले नाही. टीकाकारांना ते ऐकणे जड गेले असावे. मुलांना बूट आवडले, त्यांनी ते घातलेही. परंतु आरोग्य, शाळेतील हजेरी, आत्मसन्मान यांत म्हणण्याजोगा पालट दिसला नाही. उलट, आपल्या कुटुंबाच्या गरजा दुसऱ्यांनी भागवाव्यात, असे म्हणणाऱ्या मुलांचे प्रमाण बूट मिळालेल्यांत अधिक निघाले. हे शेवटचे वाचून आम्ही पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिलो. त्या नाताळातील छायाचित्र अजून आमच्या कपाटात आहे. त्यात आम्ही हसत आहोत. कंपनीचे कौतुक हे की तिने ही पाहणी होऊ दिली आणि कालांतराने जोडीस जोडी ही रीत सोडून नफ्याचा तिसरा हिस्सा स्थानिक कार्याला देण्याचे ठरविले.

मुंबईत श्रीयांस भंडारी आणि रमेश धामी या दोघा धावपटूंनी निराळी वाट काढली. शर्यतीचे बूट वरून विटले तरी तळ शाबूत राहतो, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. त्यांच्या ‘ग्रीनसोल’ने टाकून दिलेल्या बुटांच्या तळव्यांपासून चपला करून खेड्यांतील शाळकरी मुलांना देण्यास आरंभ केला. येथे निदान पाऊस, चिखल आणि चप्पल एकाच मुलुखातील आहेत.

मात्र आम्हाला सर्वांत मोलाचे वाटते ते मार्च २०१८ मधील दान. नाशिकहून ६ तारखेला निघालेले हजारो शेतकरी, त्यांत बहुसंख्य आदिवासी, सुमारे १८० किलोमीटर चालत मुंबईत आले. दहावीच्या परीक्षार्थींना अडथळा नको म्हणून शेवटचा टप्पा ते रात्रीच चालले. कितीकांच्या वहाणा तुटल्या होत्या, तळव्यांची साले निघाली होती. मुंबईकरांनी पाणी दिले, खाऊ दिला, पायांतल्या चपला काढून दिल्या. पण ती माणसे चपला मागायला आली नव्हती. कसत असलेल्या वनजमिनीचा हक्क मागायला आली होती, आणि १२ तारखेला शासनाचे लेखी आश्वासन घेऊनच परतली. चप्पल स्वीकारताना त्यांची मान खाली गेली नाही, याचे कारण आम्हाला येथेच सापडते.

परकीय साहाय्याचा आणखी एक नमुना तर आमच्या पुढच्याच स्थानकावर उभा आहे. १९५४ साली युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. पेनिसिलिनच्या बाटल्या वाटून पाहुणे परतले नाहीत. औषध येथेच तयार होऊ लागले आणि त्याबरोबर कामगारांची वसाहत वसली. पुढे त्या कारखान्याला वाईट दिवस आले, हेही खरे. तरी त्याच्या पगारावर किती घरांतील मुले बूट घालून शाळेत गेली, याची मोजदाद कोण करणार?

२०२३ साली राज्य शासनाने सरकारी व स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील पहिली ते आठवीच्या मुलांना एक जोड बूट व दोन जोड पायमोजे देण्याचे ठरविले, दर मुलामागे १७० रुपये. एवढ्या पैशांत बूट कसा येतो, हे पालकांनीच आम्हाला विचारले. आम्ही नाशिक फाट्याजवळच्या चांभारदादांना नेऊन विचारले. ते हसले आणि म्हणाले, “फादर, आधी पाय तर दाखवा.” त्या रविवारी त्यांनी सभागृहात जुनी वर्तमानपत्रे पसरली आणि एकेका मुलाला त्यावर उभे करून पेन्सिलीने पावलांची रेघ ओढली. एका मुलीचा डावा पाय उजव्याहून बोटभर मोठा निघाला. तिच्या आईलाही ते ठाऊक नव्हते.