डाव्या पायाचे श्रम कुणी करायचे? : गिअरबॉक्सच्या निवडीचा इतिहास

१/१५
नवी गाडी घेणाऱ्यासमोर पहिल्याच भेटीत एक प्रश्न येतो : मॅन्युअल की ऑटोमॅटिक? अलीकडे त्यात एएमटी, सीव्हीटी, डीसीटी या आद्याक्षरांची भर पडली आहे. प्रश्न वरकरणी तंत्राचा वाटतो. परंतु गेल्या सव्वाशे वर्षांत त्याचे उत्तर बहुतेक वेळा तीन गोष्टींनी ठरवले : इंधनाचा दर, रस्त्याची स्थिती आणि स्टिअरिंगमागे बसणारा माणूस मालक आहे की पगारी चालक.

२/१५
प्रथम गिअर लागतोच का, हे पाहू. पेट्रोलचे इंजिन फिरण्याच्या एका ठराविक टप्प्यातच नीट जोर देते. अगदी हळू फिरवले तर ते बंद पडते. चाकांना मात्र शून्यापासून सुरुवात करायची असते. इंजिन आणि चाके यांच्यात तडजोड घडवून आणणारा मध्यस्थ म्हणजे गिअरबॉक्स. गिअरची सायकल चढावर चालवणाऱ्याला हे तत्त्व पायांनीच कळलेले असते.

३/१५
१८९० च्या दशकात फ्रान्समधील पानार ए लव्हासोर कंपनीच्या एमिल लव्हासोर यांनी सरकत्या दातेरी चाकांचा गिअरबॉक्स मोटारीत रुजवला. आजच्या मॅन्युअलचा तो पूर्वज. त्यात वेगवेगळ्या गतीने फिरणारी दोन चाके एकमेकांत अडकवावी लागत. अंदाज चुकला की दात कर्कश आवाज करीत एकमेकांवर घासत. त्यामुळे गाडी चालवणे हे कसबी माणसाचे काम ठरले आणि श्रीमंत लोक त्यासाठी पगारी ‘शोफर’ ठेवू लागले. या फ्रेंच शब्दाचा मूळ अर्थ भट्टी पेटती ठेवणारा, म्हणजे बंबवाला.

४/१५
हेन्री फोर्ड यांना गाडी शेतकऱ्यापर्यंत न्यायची होती आणि शेतकरी शोफर ठेवणार नव्हता. म्हणून १९०८ च्या मॉडेल टी मध्ये दोन गतींचा वेगळाच गिअरबॉक्स आला. त्यात दाते सतत एकमेकांत गुंतलेले असत आणि गती पायाने बदले. डावे पेडल पूर्ण दाबले की कमी गती, सोडले की जास्त. अडचण एकच : लांब चढ असेल तर तेवढा वेळ पाय दाबून धरावा लागे. १९२७ पर्यंत अशा दीड कोटीहून अधिक गाड्या तयार झाल्या.

५/१५
पुढची दोन पावले कॅडिलॅकने टाकली. १९१२ मध्ये विजेवर चालणारा स्टार्टर आल्याने हँडल मारण्याची धोकादायक कसरत संपली. १९२८ मध्ये अर्ल थॉम्पसन यांची सिंक्रोमेश यंत्रणा आली. दाते एकमेकांत अडकण्याआधी दोन्ही चाकांची गती ती सारखी करून घेई. आज मॅन्युअल गाडीचा गिअर सहज पडतो, तो या शोधामुळे. मात्र क्लच दाबणारा डावा पाय अजून मोकळा झाला नव्हता.

६/१५
तो मोकळा करण्यातही थॉम्पसन यांचाच मोठा वाटा होता. जनरल मोटर्समध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली विकसित झालेला ‘हायड्रामॅटिक’ गिअरबॉक्स १९४० च्या ओल्ड्समोबिल गाड्यांत आला. समोरासमोर ठेवलेल्या दोन पंख्यांपैकी एक सुरू केला की त्याच्या वाऱ्याने दुसराही फिरू लागतो. येथे वाऱ्याच्या जागी तेल होते. क्लचचे पेडल नाहीसे झाले आणि चारही गिअर आपोआप पडू लागले. सुरुवातीला या सोयीसाठी ५७ डॉलर जादा मोजावे लागत.

७/१५
नव्या यंत्रावर विश्वास बसायला वेळ लागतो. येथे तो युद्धाने बसवला. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट या हलक्या रणगाड्याला कॅडिलॅकची दोन इंजिने आणि दोन हायड्रामॅटिक गिअरबॉक्स बसवले गेले. घाईघाईने प्रशिक्षण घेतलेल्या सैनिकाला क्लचची चिंता नसलेला रणगाडा हाकणे सोपे होते. युद्ध संपल्यावर कंपनीने हाच रणांगणाचा दाखला जाहिरातींत मिरवला. पुढे खुद्द रोल्स-रॉइसनेही हे तंत्र स्वीकारले.

८/१५
अमेरिकेला या सोयीची किती सवय झाली होती, हे एका दुर्घटनेने दाखवले. १२ ऑगस्ट १९५३ रोजी मिशिगनमधील लिव्होनिया येथील हायड्रामॅटिकचा कारखाना आगीत भस्मसात झाला, जीवितहानीही झाली. एवढ्या मोठ्या ग्राहकवर्गाला पुन्हा क्लचकडे वळवणे कंपनीला परवडणारे नव्हते. तिने काही कॅडिलॅक गाड्यांना ब्यूकचा, तर काही पॉन्टिॲकना शेवरोलेचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून विक्री चालू ठेवली आणि विलो रन येथे उत्पादन नव्याने उभे केले.

९/१५
मग युरोप मागे का राहिला? तेलातून जोर पोचवताना काही जोर वाया जातो आणि तेवढे पेट्रोल अधिक जळते. अमेरिकेत पेट्रोल स्वस्त आणि इंजिने अजस्र, त्यामुळे ही गळती जाणवत नसे. युरोपात पेट्रोल महाग होते आणि अनेक देशांत इंजिनाच्या आकारावर कर असे. छोट्या इंजिनातला थोडासा जोर गमावणेही तेथे परवडत नव्हते. तेथील सामान्य मालकाने क्लचचे श्रम पत्करले. यात हौसेपेक्षा हिशेबाचा भाग मोठा होता.

१०/१५
त्या हिशेबाला नेदरलँड्सने वेगळे उत्तर शोधले. १९५८ मध्ये हुब व्हान डोर्ने यांच्या डाफ कंपनीने डाफ ६०० ही जेमतेम ५९० सीसीची छोटी गाडी आणली. तिच्यात ठराविक गिअरच नव्हते. पट्टा आणि रुंदी बदलणाऱ्या पुल्या यांच्या साहाय्याने गुणोत्तर सलग बदलत जाई. लोकांना ती आवडली, पण म्हाताऱ्यांची आणि बायकांची गाडी म्हणून तिची थट्टाही झाली. सोपे म्हणजे कमीपणाचे, हा ग्रह यंत्राहून चिवट निघाला. आजच्या सीव्हीटीचा वंश मात्र याच गाडीपाशी पोचतो.

११/१५
आता भारत. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फिएट, म्हणजे पुढची पद्मिनी, बाहेर पडे. तिचा गिअरचा दांडा स्टिअरिंगपाशी असे. ॲम्बॅसडरचाही दीर्घकाळ तेथेच होता. पेट्रोल महाग, गाड्या मोजक्या, आणि त्यांतील कितीतरी टॅक्सीचालकाच्या, सरकारी वा घरच्या ड्रायव्हरच्या हाती. गाडीचा निर्णय घेणारा मागे बसे आणि क्लच दाबणारा पुढे. ज्याचा पाय दुखे त्याला निवडीत आवाज नव्हता, हे ऑटोमॅटिकला मागणी नसण्याचे एक कारण मानता येते.

१२/१५
डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि मध्यमवर्गीय मालक मोठ्या संख्येने स्वतः चाकामागे बसला. तरीही पुढची तीन दशके मॅन्युअलचाच वरचष्मा राहिला. ऑटोमॅटिक गाड्या बाजारात होत्या, पण त्या महाग, पेट्रोल अधिक पिणाऱ्या आणि दुरुस्तीला खर्चिक समजल्या जात. जो हिशेब युरोपाने केला, तोच मराठी घरांतही झाला : किंमत किती आणि लिटरला किती किलोमीटर?

१३/१५
२०१४ मध्ये मारुतीच्या सेलेरिओने ही कोंडी फोडली. तिच्या एएमटीत गिअरबॉक्स नेहमीचा मॅन्युअलच होता. क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम फक्त संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या हायड्रॉलिक यंत्रणेकडे गेले. त्यामुळे किंमत थोडीच वाढली आणि मायलेजही फारसे घटले नाही. गिअर बदलताना गाडी किंचित मान डोलावते, एवढी उणीव ग्राहकाने पोटात घातली. भारताला अतिउत्तम ऑटोमॅटिक नको होता, परवडणारा हवा होता.

१४/१५
या इतिहासातून आजच्या निवडीचे निकषही मिळतात. रोज घोडबंदर रोडसारख्या कोंडीत अडकणाऱ्याला आणि बजेट मोजके असणाऱ्याला एएमटी रास्त. शहरात संथ, सलग प्रवास हवा असेल तर सीव्हीटी. टिकाऊपणाचा लौकिक जुन्या टॉर्क कन्व्हर्टरचा, जो हायड्रामॅटिकच्याच घराण्यातला. दोन क्लचच्या डीसीटीची कल्पना अडॉल्फ केग्रेस यांनी १९३९ मध्येच मांडली होती; सर्वसामान्य विक्रीच्या गाडीत ती फोक्सवागेनने २००३ मध्ये आणली. हा प्रकार चपळ आहे, मात्र त्यातील कोरडा क्लच रांगत्या गर्दीत तापतो. ज्याचा प्रवास मोकळ्या रस्त्याचा आणि घाटांचा आहे, दुरुस्ती गावातल्या गॅरेजमध्ये व्हावी अशी ज्याची अपेक्षा आहे, त्याच्यासाठी मॅन्युअल आजही शहाणपणाची निवड आहे.

१५/१५
विजेच्या मोटारीला शून्य गतीपासूनच जोर मिळतो. म्हणून पुण्याजवळ रांजणगावात बनणाऱ्या नेक्सॉनच्या विद्युत आवृत्तीत बदलायचे गिअरच नाहीत. लव्हासोर यांच्यापासून चालत आलेला मध्यस्थ तेथे निवृत्त झाला आहे. तोवर ज्यांना निवड करायची आहे, त्यांनी ती शेजाऱ्याच्या शेऱ्यावर सोपवू नये. रोजचा रस्ता, महिन्याचे पेट्रोल आणि घरात ही गाडी कोण कोण चालवणार, एवढे एका कागदावर लिहावे. सासूबाईंना किंवा गुडघेदुखीच्या वडिलांना स्वतः गाडी काढून बाजारात जाता येणार असेल, तर डाफच्या गाडीची थट्टा करणाऱ्यांकडे लक्ष देण्याचे कारण नाही.